आऊट काढून मिळेल

आमच्या गॅरेजवर एक पाटी आहे. पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरं : 'सायकल व मोटारसायकल पंक्चर. चाकाचा आऊट काढून मिळेल.' आणि खाली थोडी जागा उरली म्हणून, 'आमची कुठेही शाखा नाही.' ही शेवटची ओळ ह्यांच्या डोक्यातून आलेली. मी तेव्हाच म्हटलं होतं, चौक नावाच्या आमच्या एवढ्याशा गावात, जुन्या हायवेच्या कडेला दहा बाय बाराचा गाळा, त्याची शाखा कोण शोधत बसलंय? पण पेंटर माझं ऐकत नव्हता आणि हे तर मुळीच ऐकत नव्हते.

चाक फिरताना डावी-उजवीकडे लचकायला लागलं की आमच्याकडे म्हणतात चाक आऊट आहे. मग कुठे तार घट्ट कर, कुठे सैल कर, असं करत ते सरळ आणायचं, म्हणजे आऊट काढायचा. हे काम पनवेल ते खोपोली ह्यांच्यासारखं कोणी करत नाही, असं हे स्वतःच सांगतात. खरं म्हणजे मलाही तसंच वाटतं, पण मी ते तोंडावर बोलत नाही. हे डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त काम करतात. तारेवर नखाने टिचकी मारायची आणि ऐकायचं. घट्ट तार टिंग वाजते, सैल तार टप् वाजते. बाकी जगात कोणी काय बोलतंय ते ह्यांना ऐकू येत नाही, तार मात्र बरोबर ऐकू येते.

आमची एकच मुलगी, हर्षला. लहानपणी ती शाळेतून थेट गॅरेजवर यायची आणि पाना हातात घ्यायची. आठवीत असताना एकदा ती जिथे तिथे ग्रीस लावून बसली होती, तेव्हा हे ओरडले होते, "जा, हात धू आनि अभ्यासाला बस. परत पान्याला हात लावलास तर बघ!" त्या दिवसापासून तिला गॅरेजचा उंबरा बंद. ती शिकली, इंजिनिअर झाली, रसायनीच्या एका कारखान्यात दोन वर्षं नोकरी केली आणि पुढे शिकायला जर्मनीला गेली. तिच्या गावाचं नाव मला अजून एका दमात म्हणता येत नाही. विमानतळावरून परत येताना हे गाडीत एकच वाक्य बोलले, "पोरीचे हात पांढरे राह्यले, छाया." आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

तिकडे जाऊन तीन महिने झाले आणि हर्षलाने फोनवर सांगितलं की ती एका सांस्कृतिक मंडळात काम करते. दर शनिवारी, पगाराशिवाय, मनाने. आपला देश सोडून पळून यावं लागलेली माणसं आणि बाहेरून आलेले विद्यार्थी, सगळे तिथे जमतात, एकमेकांना मदत करतात.

ह्यांनी त्यातला 'मंडळ' एवढाच शब्द ऐकला. तासाभरात शेजारच्या चहा-भजीच्या टपरीवर बातमी पोचली. टपरीचा मालक नवशा आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाचा अध्यक्ष. त्याने लगेच विचारलं, "मूर्ती केवढी बसवतात रं तिकडं?" ह्यांनी छाती काढून सांगितलं, "मोठीच आसंल. जर्मनी हाय ती." आठवडाभरात शिळफाट्यापर्यंत बोलबाला झाला की पदूची पोरगी जर्मनीच्या मंडळावर निवडून आली.

मला खरं काय ते माहीत होतं. हर्षलाने मला आधीच सांगितलं होतं, "आई, मंडळाचं सायकलींचं वर्कशॉप आहे. लोक जुन्या सायकली देतात, आम्ही नीट करून गरजूंना देतो. बाबांना सांगू नको गं." मी सांगितलं नाही. चार दिवस नवऱ्याची छाती फुगली तर माझं काय जातंय?

पण नवशा कसला थांबतोय. त्याला अभिनंदनाचा फ्लेक्स लावायचा होता. त्याने हर्षलाचा नंबर मिळवून परस्पर मेसेज टाकला : मंडळाचं काम करतानाचा एक चांगला फोटो पाठव. बिचारीने पाठवला. उलटी केलेली सायकल, शेजारी आमची लेक, अंगात निळा डगला, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे आणि तोंडावर हे एवढं हसू. नवशाने तो फोटो चार गिऱ्हाइकांसमोर ह्यांच्या नाकासमोर धरला. "पदू, ही तं तुझंच काम करते की!"

ह्यांनी त्या दिवशी शटर लवकर ओढलं. घरी येऊन मला म्हणाले, "फुकट पंक्चरी काढायला जर्मनीला कशाला जायला पायजे व्हतं? हितंच काढल्या आसत्या माझ्या बाजूला बसून."

"मंग तेव्हा बसू दिली का तुमी तिला?" मी म्हटलं. मला राग आला होता. पण ह्यांचा चेहरा पाहिला आणि माझा आवाज खाली आला. ते चिडले नव्हते, दुखावले होते. आयुष्यभर ज्या गोष्टीपासून मुलीला दूर ठेवलं, ती गोष्ट तिने समुद्रापलीकडे जाऊन स्वतः शोधून काढली होती.

त्यानंतर नऊ दिवस ह्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. फोन आला की म्हणायचे, "आईला दे." फोन माझ्याच हातात असायचा, तरी म्हणायचे. एकदा हर्षला रडली आणि मला म्हणाली, "मला ते काम आवडतं गं आई. तिथं बसलं की घरी असल्यासारखं वाटतं. हे बाबांना कसं सांगू?" मी दोघांच्या मधे सापडले होते आणि मला दोघांचाही सारखाच वैताग आला होता.

दहाव्या दिवशी शनिवार होता. दुपारी साडेतीनला मी ह्यांचा चहा घेऊन गॅरेजवर गेले होते, तेवढ्यात हर्षलाचा व्हिडिओ कॉल आला. ती घाबरी झाली होती.

"आई, बाबा आहेत का जवळ? बोलणार नाहीत माहिताय, पण तू नुसतं विचार. इथे हाबतोम म्हणून एक काका आहेत, आफ्रिकेतल्या इरिट्रियाचे. सोमवारी त्यांची पहिली नोकरी सुरू होतेय, बेकरीत, पहाटे पाचला. सात किलोमीटर लांब, आणि पहिली बस सहानंतर. त्यांच्यासाठी सायकल तयार केली, पण मागचं चाक फ्रेमला घासतंय. आमचे म्हातारे मिस्त्री आजारी आहेत. मी तारा आवळल्या तर ते आणखी वाकडं झालं. दुसरं चाक नाहीये, आणि आता उद्या रविवार, सगळं बंद. सायकल नाही झाली तर त्यांची नोकरी जाईल गं. दोन वर्षांनी मिळालीय."

हे पाठमोरे बसून ट्यूब घासत होते. घासणं थांबलं.

"सगळ्या तारा आवळल्यास?" त्यांनी मागे न बघता विचारलं. नऊ दिवसांनंतरचे पहिले शब्द.

"हो बाबा."

"सगळ्या तारा कोन आवळतं गं?" हे उठले, हात पुसले आणि माझ्या हातून फोन घेतला. "चाक फिरव. दाखव मला."

स्क्रीनवर चाक दिसलं. त्यामागे एक उंच, सावळा माणूस खाली मान घालून उभा होता, ह्यांच्याच वयाचा. जाड कोट खुर्चीला अडकवलेला. हर्षलाने चाकाला झटका दिला, फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि ती तारा फिरवायची चावी शोधायला खणात वाकली. चाक असं काही लचकत फिरलं की ह्यांचा जीव कळवळला. बोट नाचवत हे हायवेवरच्या ट्रकच्या वरताण ओरडले, "आऊट! अगं आऊट हाय! पार आऊट! आऊट काढ, आधी आऊट काढ!"

त्या माणसाने मान वर केली. स्क्रीनवरच्या माणसाकडे पाहिलं, त्याच्याकडे रोखलेल्या बोटाकडे पाहिलं. मग "सॉरी, सॉरी" म्हणत खुर्चीवरचा कोट उचलला, पिशवी घेतली आणि निघून गेला. दार वाजलं तेव्हा कुठे हर्षला मागे वळली. ती त्याच्यामागे धावली. स्क्रीनवर फक्त चाक उरलं, लचकत लचकत थांबणारं.

"कुठं गेली दोगं?" हे मला विचारू लागले.

हर्षला परत आली तेव्हा तिला धाप लागली होती. "बाबा, त्यांना वाटलं तुम्ही त्यांनाच सांगताय. आऊट म्हणजे बाहेर हो. इंग्रजीतले तेवढेच दोन-तीन शब्द त्यांना येतात. किती देशांत, किती ऑफिसांत त्यांना तेच ऐकवलंय. बाहेर पायरीवर बसलेत. म्हणतात, माझ्यामुळे तुझ्या वडिलांना त्रास नको."

ह्यांचं तोंड मी बत्तीस वर्षांत तसं कधी पाहिलं नव्हतं. नवशाही टपरीतून उठून आला होता. आम्हाला हा शब्द इंग्रजी आहे हेच कधी आठवलं नव्हतं. आमच्या लेखी तो चाकाचा शब्द होता.

"फोन त्याच्याकडं ने," हे म्हणाले.

"बाबा, त्यांना मराठी—"

"ने म्हनतो ना."

जैतू ठाकराच्या सायकलचं एक चाक दुरुस्तीला आलं होतं, भिंतीला टांगलेलं. ह्यांनी ते काढलं आणि बाकाला ठोकलेल्या जुन्या चिमट्यात बसवलं. फोन मला धरायला लावला. पलीकडे पायरीवर बसलेला हाबतोम दिसला, मांडीवर पिशवी. ह्यांनी चाक फिरवलं. ते लचकलं. ह्यांनी चाकावर बोट ठेवून सांगितलं, "आऊट." मग बोट स्वतःच्या छातीला लावलं आणि मान हलवली, नाय. मग बोट नव्हे, अख्खा तळवा हाबतोमकडे केला आणि आणखी जोरात मान हलवली, नाय, नाय. चावी घेतली, एक तार पाव आटा सैल, समोरची पाव आटा घट्ट, आणि परत फिरवलं. चाक सरळ पळालं. "आऊट काढला," हे म्हणाले आणि हात जोडले. डोळे भरले होते ते ह्यांनी बाहीने पुसले, मग म्हणाले धूळ गेली.

हाबतोमने हवेतच अंगठा आणि बोटाची चिमूट धरून चाकाच्या कडेवर ठेवल्यासारखी केली, आऊट कुठे आहे ते बघायला आमचे हे धरतात तश्शी. आणि हसला.

"आरं, हा तं कारागीर हाय!" हे उडालेच. "हर्षला, चावी त्याच्या हातात दे!"

मग जे झालं ते सगळ्या चौकाने पाहिलं. पलीकडे हाबतोम एकेक तार वाजवत होता आणि इकडे हे फोनला कान लावून ऐकत होते. नवशाची भजी तेलात चरचरत होती, ह्यांनी नुसतं बघितलं आणि नवशाने कढई खाली उतरवली. एक टेंपोवाला हॉर्न देत आला, त्याला नवशाने दोन्ही हात पसरून अडवलं, "वाजवू नको रं, जर्मनीचं काम चाललंय!" टिंग, टिंग, टिंग, टप्.

"टप्!" हे ओरडले. "टप्," तिकडून हाबतोमही त्याच क्षणी म्हणाला. दोघं हसले. मधे भाषेचं काही काम उरलंच नव्हतं.

पाऊण तासाने चाक दोरीत सरळ फिरलं. हर्षला मागे उभी राहून नुसती बघत होती. ह्यांनी तिला हाक मारली, "लांब का उभी? फुडं ये. हात लाव त्या चाकाला, बघ कसं लागतं. आता शिकून घे."

तिने काळे हात पाठीमागे लपवले होते. ते पुढे केले.

हे त्या हातांकडे बघत राहिले. मला वाटलं आता पुन्हा काहीतरी बिनसतंय. पण हे म्हणाले, "नुसत्या साबनाने नाय निघायचं ते. आधी खोबरेल चोळ चांगलं, मंग साबन. नखांत ब्रश मार. समजलं?"

"हो बाबा," ती म्हणाली. ती हसत होती आणि रडतही होती. मीसुद्धा. नवशाने भजी नव्याने सोडली आणि पैसे घेतले नाहीत, हे चौकात कधी घडत नाही.

सोमवारी हर्षलाचा मेसेज आला, हाबतोमकाका पावणेपाचलाच बेकरीच्या दारात हजर. त्यानंतरच्या शनिवारी फोटो आला. मंडळाच्या वर्कशॉपची भिंत आणि तिच्यावर एक फळी. हर्षलाने मराठीत लिहून दिलेलं हाबतोमने ब्रशने उतरवलं होतं, एकेक अक्षर चित्र काढल्यासारखं, ढ थोडा कलंडलेला : 'आऊट काढून मिळेल.' आता तो दर शनिवारी तिथे बसतो आणि नवीन कोणी आलं की आधी त्याला या शब्दाचा अर्थ समजावतो, मगच चाकाला हात लावतो.

ह्यांनी फोटो मोठा करून, लहान करून, दहा वेळा बघितला. मग आतून लाल रंगाचा डबा शोधून काढला, पण तो वाळून दगड झाला होता. पिवळा मिळाला, पाटीच्या पत्र्याचाच. स्टूल घेतलं, पाटीखाली लावलं आणि वर चढून ब्रश मारायला लागले.

"काय रं पदू, काय पुसतोस?" नवशाने टपरीतून विचारलं.

"शेवटची ओळ, शाखेची," हे म्हणाले. "खोटी झाली ना आता ती."