हात घालण्याआधी

मित्रांनो, मार खाणे हेच माझे काम. मी एक जुने उखळ आहे. फिलिपिन्समधल्या लुझोन बेटावर, भातशेतीत, सेव्हेरो नावाच्या माणसाच्या अंगणात, आंब्याखाली मी उभा असतो. माझ्या काठावर कुऱ्हाडीचे दोन खोल घाव आहेत. तुम्ही आलात तर आधी तेच दिसतील.

माझा जन्मही मारानेच झाला. सेव्हेरोच्या आजोबांनी डोंगरातले एक टणक झाड पाडले आणि बुंध्याचा तुकडा घरी ओढत आणला. त्याच्या पोटात निखारे ठेवायचे, जळलेला भाग खरवडायचा, पुन्हा निखारे ठेवायचे. मी आतून जळत होतो आणि भोवती जमलेली माणसे कौतुक करत होती.

"नातवाला पुरेल हे," आजोबा म्हणाले. पुरलो.

आमच्याकडे भात पुरता पिकण्याआधीच चिकट जातीचा थोडा भात हिरवा कापतात. दाणे भाजतात आणि गरम असतानाच माझ्यात कुटतात. त्याचे मऊ, हिरवे पोहे होतात. त्यांना पिनिपिग म्हणतात. हे एकट्याचे काम नाही. दोघे समोरासमोर उभे राहतात. एकाचे मुसळ वर, तेव्हा दुसऱ्याचे खाली. दाणे तळाशी चिकटू नयेत म्हणून मधेच एकाने माझ्यात हात घालून ते उलटायचे असतात. हात घालण्याआधी तो "हेप!" असे ओरडतो आणि समोरच्याचे मुसळ हवेतच थांबते. ते थांबले नाही तर काय होईल, ते तुम्हाला कळतेच आहे.

सेव्हेरो आणि त्याची बायको पुरिता लग्न झाल्यापासून असेच कुटत आले. दोघांच्याही बोटाला कधी खरचटले नाही. शेजारी म्हणत, ही दोघे भांडली तरी मुसळे भांडत नाहीत.

त्यांना मूल झाले नाही. केस पांढरे व्हायला लागले तेव्हा पुरिता एकदा माझ्या काठावर हात टेकून म्हणाली, "तान्ह्यांना घरं मिळतात हो. ज्याला कुणी नेत नाही, ते आणू या."

शहरातल्या अनाथाश्रमात आनालिन होती. वय दहा. तिला ऐकू येत नव्हते. मामाने तिला खांबाला बांधून ठेवलेले असायचे, त्या दोरीचा वळ तिच्या मनगटावर काळा पडला होता. पहिल्या भेटीत तिने पुरिताच्या हाताला कडकडून चावा घेतला. पुरिता रक्ताळलेला हात घेऊन घरी आली आणि हसत होती.

"दात बघा पोरीचे! पिनिपिग चावायला बरे आहेत."

"तुला हसू येतंय?" सेव्हेरो म्हणाला. "माझा जीव गेला तिथे."

त्या दिवसापासून दोघांची तयारी सुरू झाली. शहरात वर्ग होते, तिथे दोघे बसने जात. रागावलेल्या मुलाजवळ कसे बसायचे, ते शिकत. हातांच्या खुणा शिकत आणि कुटून दमले की माझ्या दोन बाजूंना बसून घोकत. भूक. दुखतंय का. थांब. घर. सेव्हेरोची बोटे जाड. त्याची 'भूक' पुरिताला 'भांडण' वाटायची आणि ती त्याला चिमटा काढायची. पुढच्या भेटीत पुरिताने आनालिनला खुणांनीच शब्द दिला, की पुढचा भात हिरवा झाला की घरी नेऊ.

मग वादळ आले. भर दुपारी अंधारले. केळी मुळासकट उडाली. गोठ्यातला रेडा दोरीला हिसडे देऊन गळफास लावून घेत होता. पुरिता त्याला सोडवायला धावली. रेडा सुटला. ती वळली, तेवढ्यात कुणाच्या तरी छपराचा पत्रा गिरक्या घेत आला आणि तिच्या मानेवर बसला. ती माझ्यावर कोसळली. माझ्या पोटात पावसाचे पाणी भरले होते. ते लाल झाले.

तिला पुरून आल्यावर सेव्हेरोने कुऱ्हाड उचलली. मला फोडून जाळायचे, असे त्याने ठरवले होते. अर्धे उखळ तिचे होते ना. पहिला घाव बसला. दुसरा त्याहून खोल गेला आणि कुऱ्हाड अडकली. त्याने ओढली, लाथ मारली, शिव्या घातल्या. निघेना. तेव्हा तो मला पाठ टेकून बसला आणि गुरासारखा ओरडून रडला. नंतर कुऱ्हाड काढली आणि मला पालथे घातले.

मुले दत्तक देणाऱ्या कचेरीतल्या रोवेना मॅडम भेटायला आल्या. "काका, थांबलात तरी चालेल. कुणी नावं ठेवणार नाही."

"पुरिताने शब्द दिलाय मॅडम. हिरव्या भाताचा."

"एकट्याला झेपेल?"

"नाही झेपणार. पण आणा."

त्याने एकट्याने तयारी पुरी केली. मारता येईल असे काही जवळ ठेवू नका, असे वर्गात सांगितले होते. त्याने कोयता, काठ्या, दोन्ही मुसळे माळ्यावर टाकली. घराच्या खांबांना गोधड्या गुंडाळल्या. पुरिताचा भाऊ निकानोर कुंपणावरून बघत होता.

"दाजी, पोर आणताय की रेडा?"

"रेडा असता तर तुझ्याकडे बांधला असता. जोडी झाली असती."

भात हिरवा झाला आणि आनालिन आली. काही महिने बघायचे, मग मॅडमनी शेवटचे सांगायचे, असे ठरले होते. पहिल्याच दिवशी तिने ताटे फोडली. सेव्हेरोच्या पाठीत दगड घातला. मारायला काही सापडले नाही की ती गोधडी ओरबाडून काढायची आणि खांबावर स्वतःचे कपाळ आपटायची. कपाळ फुटायचे, तरी आपटायची. सेव्हेरो मधे हात घालायचा आणि त्याच्या हाताचे लचके निघायचे. तो खूण करायचा, दुखतंय का? ती त्याच्या हातावर थुंकायची.

एकदा ती अंगणात आली आणि माझ्या पालथ्या बुडावर मुठी मारू लागली. मी आतून पोकळ. धम्म असा घुमलो. ती थबकली. तळवा माझ्यावर ठेवून पुन्हा मारले. तिला ऐकू येत नव्हते, पण तो घुमारा तिच्या तळव्यातून वर चढत होता. सेव्हेरो दारातून बघत होता. तो माळ्यावर चढला आणि मुसळे घेऊन उतरला.

मला सरळ करून त्याने भाजलेले दाणे घातले आणि तिला पुरिताचे मुसळ दिले. तसे घाव, मित्रांनो, मी कधी खाल्ले नव्हते! त्यांत ताल नव्हता, नुसता राग होता. दाणे उडाले, काठ चिरला. आवाज ऐकून निकानोर धावत आला.

"माझ्या बहिणीचं वर्ष फिरलं नाही अजून! आणि तिचं मुसळ हिच्या हातात?" त्याने मुसळ हिसकावले आणि पोरीच्या थोबाडीत मारली. ती भेलकांडत माझ्यावर आदळली.

पुढचे क्षणात झाले. सेव्हेरोने त्याची गळपट्टी धरून त्याला खाली पाडले आणि त्याच्या छातीवर बसला. निकानोरच्या ओठातून रक्त आले.

"पुन्हा हात लावलास तर नातं बघणार नाही."

"मॅडमना सांगतो! ही तुम्हाला मारून टाकील एक दिवस, दाजी!" तो रडत म्हणाला. त्याचीही बहीण गेली होती.

दुसऱ्या सकाळपासून सेव्हेरो आणि आनालिन रोज कुटू लागली. हळूहळू ताल आला. त्याचे वर, तिचे खाली. एके दिवशी तालाच्या भरात सेव्हेरो जन्मभराच्या सवयीने "हेप!" ओरडला आणि त्याने माझ्यात हात घातला.

तिला ते कसे ऐकू जाणार? खुणा पाठ केल्या, खांबांना गोधड्या गुंडाळल्या, सगळे केले. तोंडाची सवय तेवढी राहून गेली. मुसळ खाली आले. हाडे मोडली ते माझ्या पोटाला कळले. सेव्हेरो किंचाळत गुडघ्यांवर बसला.

आनालिन पळाली नाही. तिने मुसळ टाकले, जवळ आली, आपला हात माझ्यात घातला, दाण्यांवर सपाट ठेवला आणि डोळे घट्ट मिटले. मुसळाची वाट बघत उभी राहिली. आजवर तिचे हिशेब असेच मिटवले गेले होते.

सेव्हेरोने ते पाहिले. आपला ठेचलेला हात त्याने तिच्या हाताशेजारी ठेवला. किती वेळ तरी दोघांचे हात माझ्यात तसेच होते. शेवटी तिने एक डोळा उघडला. त्याने धडक्या हाताने 'थांब' अशी खूण केली, स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवून आपल्याच डोक्यावर टपली मारली, आणि जमिनीवर पाय जोरात आपटला. तिने आपल्या पायांकडे पाहिले. जमीन हलली होती.

निकानोरने सांगितलेच. रोवेना मॅडम आल्या तेव्हा त्यांची नजर थेट सेव्हेरोच्या हातावरच्या पट्टीवर गेली.

"तिने मोडली ही बोटं?"

"मुसळ तिचं, चूक माझी. आंधळ्याला बोट दाखवावं तसा मी तिला ओरडून सांगत होतो."

"काका, मला तिचीही काळजी आहे आणि तुमचीही. असं घडत असेल तर मी तिला इथे ठेवू शकत नाही."

"बघा तर आधी. मग न्यायचं तर न्या."

निकानोर कुंपणापाशी उभा होता. दाणे गरम होते. दोघांनी मुसळे उचलली. सेव्हेरो एका हातानेच कुटत होता. धप्प, धप्प. त्याने पाय आपटला आणि पट्टीचा हात माझ्यात घातला. मॅडमनी श्वास रोखला. आनालिनचे मुसळ वर थांबले. दंड भरून आले, पण मुसळ हलले नाही. त्याने दाणे उलटले, हात काढला. धप्प.

पुन्हा ताल धरला. आणि मग सेव्हेरोचे मुसळ अगदी डोक्यावर असताना जमीन हलली. या वेळी पाय तिने आपटला होता. तिने हात माझ्यात घातला. तोच, दोरीच्या वळाचा. डोळे मिटले नाहीत. वर बघत, सावकाश, तळापर्यंतचे दाणे उलटले.

सेव्हेरोचे मुसळ वरच राहिले. त्याचा चेहरा ओला झाला होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

मॅडम पुढे आल्या. मग त्यांनी माझ्यातले चिमूटभर पोहे तोंडात टाकले. "आता मी तपासायला नाही, नुसती खायला येईन," त्या म्हणाल्या. कुंपणापलीकडून निकानोर ओरडला, "दाजी, एका हाताचं काय कुटताय! सरका, मी येतो." आनालिनने त्याला येताना पाहून दगड उचलला. मग थोड्या वेळाने टाकला.

मित्रांनो, मला पालथे टाकू नका. उन्हात तडकू देऊ नका, पावसात भरू देऊ नका. माझे काय, मी लाकूड आहे, मार खायलाच जन्मलो. पण मार खायला न जन्मलेली आणि तरीही मार खाल्लेली मुले तुमच्या आसपास असतील. त्यांना हाक ऐकू गेली नाही तर रागावू नका. जमिनीवर पाय आपटा. आणि आपले मुसळ वरच धरून ठेवा. हात दुखतील, तरी धरा.