कॅलगरीतून दिसणारं घर

वीज गेली की आमची सगळी गल्ली अंधारात जाते, फक्त माझं घर सोडून. लोकांना वाटतं, मी सुखात आहे.

हे सुख माझ्या लेकीने पाठवलंय. लादुन कॅलगरीला असते. तिने छपरावर सोलर बसवून घेतलं आणि जिन्याखाली कपाटाएवढी पांढरी बॅटरी उभी केली. म्हणाली, "मम्मी, आता त्या खटाऱ्याची दोरी ओढायची नाही. खांदे दुखतात तुमचे."

खटारा म्हणजे माझा छोटा जनरेटर. इकडे अशा जनरेटरला सगळे 'शेजाऱ्यापेक्षा मी बरा' म्हणतात. मेला सारखा रुसायचा. तो रुसला की मी लादुनला फोन लावायचे. ती माझ्यावर ओरडायची, मी तिच्यावर. पेट्रोल भेसळीचं निघालं, प्लग काळा पडला, तू जेवलीस का, तिकडे बर्फ पडला का, यात अर्धा तास कसा जायचा कळायचंही नाही. बॅटरी आली आणि भांडायला निमित्तच उरलं नाही.

संध्याकाळी वीज गेली की बायका बाहेर बाक टाकून बसतात. मीही जाते. पण समोरची, हज करून आलेली अलहाजा मुलिकात मोठी फटकळ. "अगं बाई, तू तर सूर्यच विकत घेतलास! मग आमच्या अंधारात काय शोधतेस? जा, पंख्याखाली बस!" सगळ्या हसतात, सरकून जागाही देतात. पण गप्पा पेट्रोलच्या नाहीतर उकाड्याच्या, आणि त्यात मी कुठल्या तोंडाने बोलू?

वर ती मोबाइलवरची सोय. लादुनला तिथे बसून माझी बॅटरी दिसते. एकदा मी म्हटलं, "किती दिवसांत फोन नाही तुझा." तर म्हणते कशी, "मम्मी, रोज बघते की मी तुम्हाला! सकाळी किटली लागली की हिरवी रेघ वर जाते. म्हणजे तुम्ही उठलात. संध्याकाळी टीव्हीची रेघ दिसते. मग मी निर्धास्त."

पोटची पोर मला रेघेत बघते. त्या दिवशी मी खूप रडले. पण रडण्याने रेघ काही हलत नाही.

म्हणून गेल्या मंगळवारी मी उठले, जिन्याखाली गेले आणि मोठा खटका खाली ओढला. किटली नाही, पंखा नाही. म्हटलं, बघू आता आई दिसते का. फोन आधीच भरून ठेवला होता, तेवढी अक्कल आहे मला. तो मांडीवर घेऊन बसले. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. आधी जरा खोकायचं, मग गुडघ्याचं सांगायचं आणि मग हळूच विचारायचं, डिसेंबरात येतेस का? असे सहा वर्षांचे डिसेंबर गेले, ती आलेली नाही.

तिथे उजाडेपर्यंत आमची दुपार होते. फ्रीजमधल्या माशांचं पाणी फरशीवर यायला लागलं, तरी मी जागची हलले नाही.

फोन वाजला नाही. फाटक वाजलं. सोलर बसवणारा शेसान धापा टाकत आत आला. "मम्मी, तुमची रेघ गेली! लादुनताईंचा फोन आला मला. घाबरल्यात बिचाऱ्या!"

घाबरली म्हटल्यावर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मग फोन त्याला का? मला का नाही?

शेसान जिन्याखाली वाकला आणि हसायलाच लागला. "अहो मम्मी, खटका पडलाय नुसता! झाडू लागला असेल."

"लागला असेल," मी म्हटलं.

त्याने खटका वर केला आणि लादुनला व्हिडिओ कॉल लावला. त्याच्या फोनमध्ये माझी लेक नखाएवढी दिसत होती.

"आली रेघ! देवा, सुटले बाई! मम्मी बऱ्या आहेत ना? मम्मी, मी कामावर निघालेय, गाडीत आहे. नंतर बोलते हं!"

मी अजून खोकलेही नव्हते.

शेसानने पिशवीतून पत्र्याची पेटी काढून खटक्यावर ठोकली आणि कुलूप लावलं. "ताईंनी येतानाच सांगितलंय, खटका पडला असेल तर पेटी लाव, परत चुकून हात लागायला नको. किल्ली मी ठेवतो."

"जेवून जा रे. कंदाच्या पिठाची अमाला करते गरम गरम. मासेही आहेत."

"नको मम्मी, दुसरीकडे बॅटरी बसवायचीय. वाट बघतायत."

फाटकापाशी थांबून त्याने दोन्ही हात वर केले. "मम्मी, माल एक नंबर आहे. देवाच्या कृपेने दहा वर्षं या दारात कोणाला यायची वेळ येणार नाही!"

आमच्याकडे कोणी भलं चिंतलं तर गप्प राहता येत नाही. गप्प राहिलं की आशीर्वाद माघारी जातो म्हणतात. तो हात वर करून थांबला होता.

"आमीन," मी पुटपुटले.

"ऐकू नाही आलं मम्मी! जोरात म्हणा!"

मी जोरात म्हटलं.