एका वजनगटातल्या दोघी

परतूरला बॉक्सिंग खेळणाऱ्या पोरी दोनच होत्या, प्रीती आणि मीना. त्यामुळे रोज एकमेकींशीच लढायचं. अंगद सर शाळेमागच्या पटांगणात सुतळी बांधून रिंग करायचे. या दोघी एकमेकींचं नाक फोडायच्या आणि मग एकाच सायकलवर डबलसीट घरी जायच्या.

वजनही एकच भरायचं, हीच पंचाईत. राज्याच्या निवडचाचणीत शेवटच्या लढतीला दोघीच समोरासमोर आल्या. जागा एक. प्रीती जिंकली. परतीच्या गाडीत मीना खिडकीकडे तोंड करून बसली, ती परतूर येईपर्यंत वळली नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, वडीगोद्रीला. प्रीती शिबिरात होती. लग्नाला गेली नाही.

पुढे प्रीती हरियाणात रोहतकला गेली, पैशासाठी लढणारी व्यावसायिक बॉक्सर झाली. हेल्मेट गेलं, पदकं गेली, उरले करार आणि भाड्याची खोली. आई, मालनबाई, फोनवर विचारायची, "कधी येऊन राह्यलीस?"

"लढत झाली की."

एक झाली की दुसरी ठरलेली असायची. प्रीती जिंकत गेली. एकदा जिंकून आल्यावर सुजलेल्या हातांनी कुकरचं झाकण निघेना, तेव्हा उपाशीच झोपली.

आशियाई किताबाची लढत ठरली तेव्हा ती गावी आली. चौकात बॅनर लागलं, सत्कार झाला. समोरची कशी खेळते, हे मात्र फेटा बांधणाऱ्यांपैकी एकानंही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं वडीगोद्री गाठलं.

मीना हायवेकडेच्या आपल्या किराणा दुकानात बसली होती. "कामून आलीस?"

"लढतीत माझ्या कोपऱ्यात उभी राहा, दर राउंडनंतर काय चुकतंय ते सांगायला. तुझ्याइतकं मला कुणी ओळखत न्हाई."

मीनानं गिऱ्हाइकाची साखर बांधून दिली. मग म्हणाली, "तुझ्यासमोर उभी राह्यले, तेवढं बस झालं मला."

चहा मात्र केला. माफी मागायचं प्रीतीच्या ओठांवर आलं होतं. पण कशाची मागायची? जिंकल्याची? ती चहा पिऊन निघाली.

लढत दुबईत झाली. दहा राउंड प्रीती उभी राहिली आणि गुणांवर हरली. प्रशिक्षकानं पाठ थोपटली आणि तो आयोजकांशी बोलायला गेला. कपडे बदलायच्या खोलीत ती एकटीच. एक डोळा मिटलेला. दुसऱ्यानं बघत तिनं मीनाचा नंबर लावला.

"बघितलीस?"

"न्हाई. दुकानात गर्दी होती."

"बरं."

पलीकडून ट्रकचा हॉर्न ऐकू आला.

"आठव्या राउंडला मागं कामून सरकलीस?" मीनानं विचारलं. "ती दमल्ती."

"मलाच श्वास पुरंना."

"मंग मिठी मारायची तिला, दम खायला."

"पंच सोडवत होता."

"सोडवू द्यायचं. परत मारायची."

फाटलेला ओठ बोलताना दुखत होता. प्रीती भिंतीला टेकून खाली बसली आणि पहिल्या राउंडपासून सांगायला लागली.