चार बोटं उंच

मी उंबरा बोलतोय. पुढच्या दाराचा नव्हे. पुढच्या दाराच्या उंबऱ्याला मान असतो, पाहुणे त्याच्यापाशी चपला काढतात. मी मागचा. माझ्या एका बाजूला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या बाजूला अंगण. चार बोटं उंच, काळा दगड, मध्यभागी थोडा झिजलेला.

दगडाला झोप नसते असं तुम्हाला वाटत असेल. मला तर बहुतेक वेळ पेंगच येते. दुपारी ऊन अंगणातून येऊन माझ्या पाठीवर चढतं, संध्याकाळी उतरून स्वयंपाकघरात जातं, आणि त्या उबेत मला माझा डोंगर दिसतो. तिथे मी एकटा असा नव्हतोच. आम्ही सगळे मिळून एक होतो, आणि आमच्या अंगावरून ढगांच्या सावल्या सरकायच्या. मग एके दिवशी छिन्नी वाजली आणि मी 'मी' झालो.

या घरात मला बाबांनी आणलं. घर नवं होतं आणि पहिल्याच पावसात अंगणातलं पाणी स्वयंपाकघरात शिरलं, गाद्या भिजल्या. बाबा इरेला पेटले. खाणीत जाऊन त्यांनी मला निवडलं, गवंड्याला बाजूला सारून स्वतःच्या हातांनी बसवलं. त्यानंतर पाणी आत आलं नाही. आलेल्या प्रत्येकाला ते मला दाखवायचे. मीही फुशारत असे, खोटं कशाला बोलू?

आई माझ्यावर बसून भाजी निवडायची, चौकटीला पाठ टेकून. समोर तिने लावलेलं लिंबाचं झाड. पुढे मुलगा माझ्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधायला शिकला. नंतर बूट मोठे झाले, मग त्याचं लग्न झालं. माझा मधला भाग झिजलाय तो या मायलेकरांमुळे.

दोन वर्षांपूर्वी आई पडली. न्हाणीघरात पडली, माझ्यावर नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती वॉकर धरून चालते. टक, टक, असा आवाज करत माझ्यापर्यंत येते आणि थांबते. चार बोटं. वॉकर उचलून पलीकडे ठेवायचा तिचा धीर होत नाही. मग ती हाक मारते, "कोणी आहे का रे?"

कोणी असलं तर येतं. नसलं तर ती तिथेच उभी राहून झाडाकडे बघते. कधी कधी पिकलेलं लिंबू आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत खाली पडतं. मग टक, टक, आवाज परत आत जातो. अशा वेळी मला पेंग येत नाही.

यंदा घराचं काम काढायचं ठरलं. महिनाभर नुसती चर्चा. फरशी पांढरी की राखाडी, ओटा भिंतीला की मधोमध. आईला कोणी विचारलं नाही. वाईट कोणीच नव्हतं हो! पण "आईंचं काही म्हणणं नसतं," असं सूनबाई प्रेमाने म्हणायची, आणि त्या प्रेमातच विषय संपायचा. आणि हिशेबात मी होतो! मुलगा म्हणाला, "याला पॉलिश करून घेऊ. जुना दगड आहे, शोभून दिसेल." मला ओरडावंसं वाटलं. शोभा कसली करताय? मला फोडा!

मग काल ठेकेदारबाई आल्या. कानावर खडू, कमरेला मापाची टेप, आणि चप्पल अशी झिजलेली की जणू माझी सख्खी बहीण. मुलाने नकाशाचा कागद पसरला. त्यांनी तो गुंडाळून त्याच्याच हातात दिला.

"कागदावर सगळ्यांचंच स्वयंपाकघर मोठं असतं," त्या म्हणाल्या. "मी जमिनीवर काढते. मग तुम्ही रोजच्या सकाळसारखं वावरा."

गुडघ्यांवर बसून त्यांनी खडूने ओटा काढला, फ्रिज काढला, कपाटं काढली. पांढऱ्या रेघांचं एक घर जुन्या घरात उमटलं. दार नसलेलं, भिंत नसलेलं, स्वप्नात दिसतं तसं. सूनबाईने नसलेला फ्रिज उघडला आणि त्याचं दार नसलेल्या ओट्यावर आपटलं.

"अहो, तुमच्या त्या मधल्या ओट्यामुळे दूध काढायला मला खिडकीतून यावं लागेल!"

"मग खिडकी मोठी करू," मुलगा म्हणाला.

सगळे हसले. ठेकेदारबाईंनी हाताने ओटा पुसला. मग कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "काकू, तुम्ही नाही आलात?"

"मी कशाला मध्ये? मला सगळं चालतं."

"रोज सकाळी काय करता?"

"लिंबाला पाणी घालते." आई जरा थांबली. "म्हणजे, घालायची."

"मग चला, घाला."

आई उठली. टक, टक. खडूच्या रेघांना धक्का न लावता, जणू त्या काचेच्या आहेत, ती माझ्यापर्यंत आली. थांबली. आणि सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "कोणी आहे का रे?"

बाबा, मुलगा, सूनबाई, ठेकेदारबाई, चौघंही तिथेच उभी होती.

कोणी हललं नाही. आईच ओशाळून हसली. "बघा, जिभेला कसं वळण लागलंय."

बाबांचा आवाज उगाच चढला. "उंबरा काढायचा नाही. मी स्वतः बसवलाय तो. तो नसला तर पाणी आत येईल."

ठेकेदारबाई वाद घालत बसल्या नाहीत. तांब्याभर पाणी घेऊन मला ओलांडून अंगणात गेल्या आणि ओतलं. पाणी वळवळत थेट माझ्याकडे आलं.

"काका, उतार दाराकडे आहे. इतकी वर्षं हा बिचारा एकटा पाणी अडवतोय. उतार उलटा फिरवू, दाराबाहेर जाळी टाकून पाणी काढून देऊ. मग याची गरजच नाही."

बाबा त्या ओल्या रेघेकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच विचारलं, "दिवसातून किती वेळा हाक मारतेस गं?"

"मोजायला बसू का मी? तुम्ही घरी असलात की जास्त वेळा. तुम्हाला पहिली हाक ऐकू कुठे येते?"

बाबांनी ठेकेदारबाईंच्या हातातून खडू घेतला. तोल सावरायला चौकट धरून ते खाली बसले. ज्या हातांनी मला इथे बसवलं, त्याच हातांनी त्यांनी माझ्यावर मोठी फुली मारली. ती जरा वाकडीच आली. उठता उठता माझ्यावर तळवा ठेवून ते क्षणभर थांबले. तो वजनदार, गरम तळवा मला अजून जाणवतो.

"फेकू नका हं त्याला," आई म्हणाली. "लिंबाखाली दोन बाजूंना विटा रचा, खुर्चीएवढ्या, आणि वर हा ठेवा. दोन वर्षं मला अडवलंय यानं. आता मी रोज याच्या डोक्यावर बसणार!"

काम उद्या सुरू होणार आहे. आज माझ्यावर फुली आहे आणि फुलीवर ऊन. शेवटची पेंग येतेय. या खेपेला डोंगर दिसत नाही. लिंबाची सावली दिसते, मी तिच्यात पडलोय, आणि दाराकडून टक, टक आवाज येतोय. तो आवाज न थांबता जवळ येतोय.

माझं एवढंच मागणं आहे. उद्या छिन्नी लावाल तेव्हा हात राखू नका. माझी जागा अशी सपाट करा की तिथे काही होतं हे तिच्या वॉकरलाही कळू नये. मग एखाद्या दुपारी घरात कोणी नसलं, तरी चालेल.