तीन जोड्या, सात गाठोडी

गोष्ट एकोणीसशे शहाण्णव सालची. त्या वर्षी काटासाहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या पाठोपाठ घराची शांतताही निवृत्त झाली.

काटासाहेब हे नाव बाजारानं ठेवलेलं. तेहतीस वर्षं ते वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होते. दुकानात शिरले की आधी काट्याकडे बघायचे, मग माणसाकडे. त्यांचे नियम दोनच. काटा तपासताना तागडीत मापाखेरीज कणसुद्धा राहता कामा नये, आणि दुकानदाराचा चहा घ्यायचा नाही, सल्ला तर त्याहून नाही. या दोन नियमांवर त्यांनी डाग न लागू देता नोकरी केली, आणि पुढचा घोळ झाला तो याच दोन नियमांपायी.

घराच्या मागच्या अंगाला नऊ बाय आठची एक खोली होती. ती आक्कांची, म्हणजे काटासाहेबांच्या बायकोची. मुलगी सासरी गेल्यावर आक्कांनी तिथं खिडकीपाशी बैठक मांडली होती. जुने पडदे, विरलेल्या चादरी, कोपरं फाटलेले सदरे जमवून त्या गोधड्या शिवत. चिंध्यांची सात गाठोडी, पुस्तकांची एक उंच मांडणी, जाड सतरंजी, आणि दुपारी दोन ते पाच हाक मारायची नाही हा कायदा. उभ्या जन्मात स्वतःची म्हणावी अशी त्यांची तेवढीच जागा.

निवृत्तीच्या चौथ्या दिवशी काटासाहेब त्या खोलीच्या दारात मोजपट्टी घेऊन उभे राहिले.

"अगं, ही खोली ऐकण्यासाठी अगदी योग्य आहे."

"काय ऐकण्यासाठी? मी तर इथं काही न ऐकण्यासाठी बसते."

काटासाहेब दर वाढदिवसाला स्वतःसाठी एक रेकॉर्ड आणत. एकतीस जमल्या होत्या, पण वाजायच्या त्या एका खोकड डब्यावर, तोही मुलीचा अभ्यास मोडू नये म्हणून इतका बारीक की साहेब त्याला कान लावून वाकून बसायचे. आता त्यांना खरा आवाज हवा होता. भारीतले बुकशेल्फ स्पीकर घ्यायचे, दोन लहान पेट्या, पण नामी.

आक्कांनी विचार केला. नाही म्हटलं तर वर्षभर तोंड फुगणार. म्हणून त्यांनी पैज लावली. "कानसेनच्या दुकानातून आणा आणि पसंत करा. केलेत तर खोली तुमची. नाही झाली पसंती, तर माझी गाठोडी परत आत, आणि हा विषय पुन्हा निघायचा नाही."

कानसेन म्हणजे चौकातला स्पीकरवाला. कानाचा इतका तिखट की गिऱ्हाइकाच्या स्कूटरच्या आवाजावरून तिचा बिघाड सांगायचा. त्याची एक पद्धत होती. तो दुकानात स्पीकर विकतच नसे. एक जोडी आठवडाभर घरी न्या, नाही आवडली तर दुसरी, मग तिसरी. चौथी नाही. "तीन स्थळं बघून जो ठरवत नाही," तो म्हणे, "त्याला लग्न करायचंच नसतं."

म्हणजे आक्कांच्या खोलीचा निकाल तीन आठवड्यांत लागणार होता.

काटासाहेबांनी खोली रिकामी केली. नियम पहिला. गाठोडी, सतरंजी, पुस्तकांची मांडणी, सगळं बोळकांडीत. भिंतींना रंग, फरशी घासून लख्ख. आत फक्त दोन तिवया, त्यांवर स्पीकर आणि समोर एक लाकडी खुर्ची. तिवया करून दिल्या आक्कांच्या धाकट्या भावानं, जो सुतार होता आणि ज्याच्या जिभेला रंधा मारायचं देव विसरला होता.

"दाजी, पुस्तकाच्या फळीवर ठेवायचे स्पीकर ना हे? मग फळीलाच का हाकललंत?"

"तागडी आधी रिकामी पाहिजे. मग माप."

"बरोबर. उद्या आम्हालाही बाहेर काढाल."

पहिली जोडी आली. काळी, जडशीळ. काटासाहेबांनी व्हायोलिनची रेकॉर्ड लावली, वही उघडली. त्या उघड्याबोडक्या खोलीत व्हायोलिन असं वाजलं की जणू पत्र्याच्या पिंपात मधमाशी अडकली आहे. साहेबांनी लिहिलं: "घुमतो. फसवणूक."

आठवडाभर रेकॉर्डची तीच पहिली तीन मिनिटं वाजत राहिली. भाजी चिरताना आक्कांची सुरीही त्याच तालावर चालू लागली.

दुसरी जोडी चकचकीत, चांदीच्या रंगाची. ती घुमली नाही, ती किंचाळली. "कर्कश. जप्तीयोग्य," साहेबांनी नोंदवलं.

ती परत करायला गेले तेव्हा आक्काही सोबत होत्या. कानसेननं चहा पुढे केला. साहेबांनी हातानं नको म्हटलं.

"साहेब, एक विचारू? खोली कशी आहे?"

"स्वच्छ! सुईसुद्धा ठेवलेली नाही."

कानसेनच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मग साहेब, माझं ऐकाल तर..."

"दुकानदारानं गिऱ्हाइकाच्या तागडीवर बोलू नये," साहेब म्हणाले, आणि तिसरी जोडी उचलून चालू पडले. कानसेननं आक्कांकडे पाहून दोन्ही हात वर केले. त्याचा अर्थ आक्कांना तेव्हा कळला नाही, आणि कळून घ्यायची घाईही नव्हती. दोन गेल्या होत्या. एक राहिली होती.

तिसरी जोडी साधी, मधाच्या रंगाच्या लाकडाची, शांत माणसाच्या स्वभावाची वाटावी अशी. पण त्या खोलीत तीही खणखणली. सहा दिवस साहेब तिवया पुढे-मागे सरकवत राहिले, जेवणावरचं मन उडालं, आणि सातव्या दिवशी दुपारी म्हणाले, "नाही. खरा आवाज या जगात नसतोच बहुधा. कानसेनला सांगून येतो. पाचला परत नेऊन देऊ."

ते वळणाआड जातात न जातात तोच बोळकांडीतला नळ फुटला.

धाकटा भाऊ नेमका आला होता. दोघांनी मुख्य तोटी बंद केली आणि पाणी चढायच्या आत सामान उचललं. ठेवणार कुठं? रिकामी खोली एकच. सातही गाठोडी भिंतींना टेकवली, मांडणी कोपऱ्यात, वर पुस्तकं, सतरंजी फरशीवर. आक्का धापा टाकत गाठोड्यावर बसल्या आणि सवयीनं, किंवा सूड म्हणून म्हणा, त्यांनी रेकॉर्डवर सुई ठेवली.

तीच तीन मिनिटं. पण आधी एक श्वास ऐकू आला. वाजवणाऱ्यानं गज ओढण्यापूर्वी घेतलेला श्वास. मग सूर निघाला तो असा, की वाजवणारा मांडणीशेजारी उभा आहे आणि आता बसायला जागा मागेल.

भाऊ दारात थिजला. "आयला! आक्का, हे तुझ्या चिंध्यांनी केलं?"

आक्कांनी दोन गाठोडी बाहेर नेऊन पाहिली. आवाज खणखणला. परत आणली. आवाज निवला. त्यांना सगळं कळलं, कानसेनचे वर गेलेले हातसुद्धा.

"हे बघ," भाऊ कुजबुजला, "बोळकांडी पुसून टाकू, सामान बाहेर ठेवू आणि तू पाच वाजेपर्यंत मिठाची गुळणी धर. खोली तुझी. दाजींना कोण सांगणार?"

साडेचार वाजले होते. अर्धा तास गप्प राहिलं की दुपारी दोन ते पाच जन्मभर त्यांचे. आक्कांनी फडकं हातात घेतलं, एक गाठोडं उचललंही. पण कान त्या सुराकडे होते, आणि डोळ्यांपुढे खोकड डब्यावर वाकलेली एक पाठ येत होती. एकतीस वर्षं वाकलेली. त्यांनी गाठोडं खाली ठेवलं आणि त्यावरच बसकण मारली.

"जा रे. प्लंबरला बोलाव."

काटासाहेब आले ते दारातच थबकले. एक चप्पल पायात, एक हातात. पूर्ण तीन मिनिटं ते तसेच उभे होते.

"कोणती जोडी आणलीस?"

"तुमचीच."

"मग तागडीत काय घातलंस?"

"सात गाठोडी, पुस्तकं, सतरंजी आणि मी."

साहेबांनी विश्वास ठेवला असता तर ते काटासाहेब कसले? त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढून, आत आणून तपासली. शेवटी म्हणाले, "आता तू जरा बाहेर ये." आक्का बाहेर आल्या. "आत जा." आत गेल्या. धाकटा प्लंबरला घेऊन आला, तर आक्कांच्या जागी त्याला बसवून पाहिलं. तो किडकिडीत, उपयोग झाला नाही. मग साहेबांनी वहीत लिहिलं: "ही आत: पूर्ण माप. ही बाहेर: तोळ्यामागे दोन मासे कमी."

तो फरक साहेबांना खरंच ऐकू आला की नाही, हे आक्कांनी कधी विचारलं नाही. पण त्या माणसानं तेहतीस वर्षांत एकही खोटी नोंद केलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेब कानसेनकडे गेले आणि म्हणाले, "तुमच्या दोन जोड्यांना मी विनाकारण दोषी ठरवलं. त्या परत ऐकायच्या आहेत." कानसेननं जन्मात पहिल्यांदा स्वतःचा कायदा मोडला. तिन्ही पुन्हा ऐकून साहेबांनी मधाच्या रंगाचीच ठेवली, आणि निकाल सांगायला गेले तेव्हा दुकानदाराचा चहा प्यायले. जन्मातला पहिला. साखर जास्त होती, पण ते बोलले नाहीत.

खोलीचं म्हणाल तर ती कुणा एकाची राहिली नाही. दोन ते पाच साहेब ऐकायचे, आक्का शिवायच्या, हाक कुणी कुणाला मारायची नाही. गोधडी पुरी होऊन घराबाहेर जायची असली की साहेब अडवायचे: आधी तेवढ्याच वजनाच्या चिंध्या आत आणा.

कानसेननं पुढे दुकान विकलं. तिथं आता चष्मे मिळतात. धाकटा भाऊ स्पीकरच्या तिवयांसाठी नावाजला, जीभ मात्र तशीच राहिली, आणि तिच्यामुळेच शेवटच्या आजारपणात दवाखान्यातल्या नर्सेस त्याच्या खाटेभोवती जमायच्या. काटासाहेब चौदा वर्षं ऐकत राहिले आणि एका दुपारी साडेतीनला, रेकॉर्डची पहिली बाजू संपल्यावर, गेले. आक्का दोरा ओवत होत्या. रेकॉर्ड तशीच फिरत राहिली, आणि साहेब तिच्यावरची सुई उचलायला उठेनात, तेव्हा कळलं.

पुढे दहा-बारा वर्षांनी स्पीकर नातीनं नेले. महिन्याभरात तिचा फोन आला.

"आजी, आवाज नीट येत नाहीये गं. घुमतोय."

"खोलीत काय काय आहे?"

"काहीच नाही. मला मोकळं आवडतं. एक खुर्ची फक्त."

आक्कांचं वय तेव्हा एक्याऐंशी. "थांब," त्या म्हणाल्या, "कुणाचा सल्ला घेऊ नकोस. गाठोडी बांधते आणि येते."