अक्रोडाखालची अळंबी

ओकचं पान खारीच्या कानाएवढं झालं की मार्नेटमधली माणसं खोटं बोलायला लागतात. एरवी आमचं गाव तसं सरळ. पण मे महिन्यातले ते दोन-तीन आठवडे 'अळंबी कुठे मिळाली' असं कुणी विचारलं, तर चर्चमधला पाद्रीसुद्धा टेकडीवरून आलेला असताना नदीकडे बोट दाखवतो. मोरेल म्हणतात या अळंब्यांना. बोटाएवढी उंच, मधाच्या पोळ्यासारखी भोकाभोकांची आणि वाळल्या पाचोळ्याच्याच रंगाची. ती कुणी लावत नाही, रानात आपली आपण उगवतात, आणि ज्याची त्याची जागा ठरलेली असते. ती जागा कुणी कुणाला सांगत नाही. माझे बाबा, स्टॅन्ली कुबियाक, तर आपला ट्रक भलत्याच रानापाशी उभा करून दोन मैल उलट्या दिशेला चालत जायचे.

मी लोरेटा. शिकागोच्या एका छापखान्यात तेहेतीस वर्षं मुद्रितं तपासली. दुसऱ्याच्या चुका काढण्यात हयात गेली आणि खरं सांगायचं तर मजेत गेली. आमच्या लग्नाच्या केकवर नावात चूक होती, ती मी केक कापायच्या आधी दाखवली. नवरा ही गोष्ट शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिला. ही नजर कुठून आणलीस असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर तयार होतं, पण ते मी कधी दिलं नाही. कारण ती आली होती अक्रोडाखालून, आणि तीच आमची जागा होती.

आमच्या गावात चुलींचा कारखाना होता. ओतीव लोखंडाच्या, पांढऱ्या मुलाम्याच्या चुली. अर्ध्या देशाचा स्वयंपाक आमच्या चुलींवर झाला असं बाबा म्हणायचे, आणि उरलेला अर्धा देश कच्चं खातो असंही म्हणायचे. कारखान्याचं स्वतःचं बेसबॉलचं मैदान होतं. त्या मैदानाच्या मागे तीन अक्रोड होते. मी सहा वर्षांची असल्यापासून मेमधल्या दर शनिवारी सकाळी बाबा मला तिथे घेऊन जायचे. "कुणाला सांगायचं नाही," असं बजावायचे आणि हात पाठीमागे बांधून, आभाळाकडे बघत माझ्या मागून चालायचे. मी पाचोळ्यात वाकून पुढे. एक सापडायचं, मग दुसरं, मग तिसरं.

"बाबा, तुमच्या बुटाजवळ बघा!"

"अरेच्चा. मला कसं दिसलं नाही?"

त्यांना कधीच काही दिसायचं नाही. मला सगळं दिसायचं. त्याच्या आदल्या वर्षी म्हणे मी मोठ्यांबरोबर रानात जाऊन रिकाम्या हाताने परत आले होते आणि रात्री जेवले नव्हते. हे आई सांगायची. मला आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच, की बाबा मला 'घार' म्हणायला लागले, आणि मग अख्खा कारखाना म्हणायला लागला. कुबियाकची घार.

चौदाव्या वर्षी मला शनिवारी सकाळी झोप जास्त प्यारी झाली आणि मी जायची थांबले. पुढे शिकागोला गेले. कारखाना बंद पडला, आई गेली. गेली वीस वर्षं मात्र मी दर मे महिन्यात मार्नेटला येते. बाबांना भेटायचं, डार्लीनच्या गुत्त्यातले मासे खायचे, नदीकाठी हिंडायचं आणि गुपचूप अक्रोडाखाली जाऊन बघायचं. वीस वर्षांत एक अळंबं मिळालं नाही. कधी मी पावसाला बोल लावला, कधी हरणांना, आणि सगळ्यात जास्त शिकागोहून टोपल्या घेऊन येणाऱ्या हौशी लोकांना. मीही शिकागोहूनच येते, ही गोष्ट मी हिशेबात धरत नसे. कुणाला विचारायचं, तर आधी जागा सांगावी लागली असती. ते शक्य नव्हतं.

यंदा ते निकडीचं झालं. बाबा एकोणनव्वद वर्षांचे. नदीवरच्या वृद्धाश्रमात असतात. नाताळपासून त्यांनी मला ओळखलेलं नाही. मला 'नर्सबाई' म्हणतात, तेही अगदी अदबीने, आणि त्या अदबीनेच मला रडू येतं. जेवण चिवडून ठेवतात. माझ्या मनाने घेतलं, की आमच्या जागेवरची अळंबी लोण्यात तळून त्यांच्यापुढे ठेवली तर ते एकदा तरी 'घार' म्हणतील. बाकी मला काही नको होतं.

म्हणून शुक्रवारी आल्या आल्या अक्रोडाखाली गेले आणि दोन तास गुडघ्यांवर शोधत राहिले. निळी घंटाफुलं होती, खाजकुयलीसारखी आग करणारी झुडपं होती, वर पांढऱ्या पेलिकनांचा थवा घिरट्या घालत होता. अळंबं नव्हतं. गुडघे झटकले आणि डार्लीनकडे जेवायला गेले.

डार्लीनचा गुत्ता कारखान्याच्या फाटकासमोर आहे. तिच्या आजीनं तो कामगारांसाठी काढला. आता फाटकाच्या आत होड्या आणि सायकली भाड्याने मिळतात, आणि डोक्यावरची हेल्मेटं न काढता लोक डार्लीनच्या जुन्या मार्नेट चुलीचे फोटो काढतात. "चूल चालू आहे, मागे व्हा, भाजाल," एवढंच ती त्यांना म्हणते. पण शुक्रवारचे मासे आहेत तसेच आहेत: कुरकुरीत पर्च, जाड राय पाव, आणि नाकात झणका जाणारी बीटाची तिखट चटणी. पहिला घास घेतला की मला कारखाना सुटून इथे आलेल्या बाबांच्या कपड्यांचा वास येतो.

मी अर्धी ताटली संपवली तेव्हा ऑर्विलकाका आले. ऑर्विल ट्रॅक्सलर, वय शहाऐंशी, मुलाम्याच्या खात्यात बाबांच्या शेजारी एकतीस वर्षं उभे होते. हातात पावाची जुनी पिशवी, आणि ती रिकामी नव्हती.

"काय गं घारे, हात हलवत आलीस?"

"यंदा पाऊस उशिरा झाला," मी म्हणाले.

"हो का? मला नाही बोलला पाऊस." त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि समोर बसले.

"कुठली?"

"जमिनीतली."

पिशवीत अकरा अळंबी होती, ताजी, मातीसकट. ती बघितली आणि माझा धीर सुटला. "ऑर्विलकाका, बाबांना एकदा खायला घालायचीत. आमच्या जागेवरची. पण आमची जागा मेलीय हो. मी तुम्हाला जागा सांगते, तुम्ही जाऊन बघा काय झालंय ते."

डार्लीन पाणी घेऊन येत होती, ती तिथूनच मागे वळली. जागेची गोष्ट निघाली की कानावर पडू देऊ नये, ही रीत तिच्या रक्तातच आहे.

"विचार करून बोल," काका म्हणाले. "एकदा सांगितलंस की गेलं."

"मैदानामागे. तीन अक्रोड आहेत, त्यांच्याखाली."

काकांचा काटा हवेतच राहिला. "कशाखाली?"

"अक्रोडाखाली."

"कुठल्या शहाण्यानं सांगितलं तुला?"

"सांगायचं काय त्यात? मी स्वतः काढलीत. आठ वर्षं. टोपल्या भरभरून."

"अगं पोरी, अळंबं मरायला टेकलेल्या एल्मच्या झाडाखाली येतं. जुन्या सफरचंदाखाली येतं. आपल्या गावात अक्रोडाखाली काय येतं? अक्रोड." ते हसायला लागले, डोळे पुसायला लागले, आणि मग एकाएकी काटा खाली ठेवला. "थांब. शनिवारी जायचात का तुम्ही?"

"दर शनिवारी."

"च्यायला, स्टॅन," ते स्वतःशीच म्हणाले. "आम्ही दोघं उजाडायच्या आत जायचो, आमच्या जागेवर. सहाला पिशव्या भरल्या की हा घाई करायचा. म्हणायचा, चल, मला पेरणी करायचीय. मला वाटलं बटाटे लावतोय. पुढे त्याच्या परसात बघितलं, तर एक बटाटा नाही."

"मग विचारलं नाहीत?"

"कशाला? माणसाची पेरणी, माणसाला ठाऊक."

पर्च निवून गेले. मला आधी राग आला, आणि तो बराच वेळ गेला नाही. आठ वर्षं बाबांनी मला फसवलं होतं. शाळेत बोलून जाईल म्हणून पोटच्या पोरीला खोटी जागा दिली, आणि ऑर्विलला खरी. मी ती खोटी जागा पन्नास वर्षं जिवापाड जपली. कुणाला सांगितली असती, तर पहिल्याच माणसाने मला वेड्यात काढून शहाणं केलं असतं. आणि माझी नजर? जिच्या जोरावर मी तेहेतीस वर्षं तरुण पोरांना टोचून बोलले, ती मुळात नव्हतीच. कुणीही आंधळी कोशिंबीर खेळता खेळता उचलावीत, अशी ती अळंबी माझ्यापुढे रोवलेली होती.

"आता तुम्ही तरी खरी जागा सांगा," मी म्हणाले.

काकांनी घास सावकाश चावला. "ते नाही व्हायचं. स्टॅन आहे अजून. त्यानं सांगायची." मग पिशवी माझ्याकडे सरकवली. "ही घेऊन जा. अर्धी त्याचीच आहेत."

बिलाच्या वेळी डार्लीन म्हणाली, "उद्या बाराला आणा त्यांना. क्रॅकर बिस्किटांचा चुरा करून ठेवते. लोणी आहेच." म्हणजे तिने सगळं ऐकलं होतं.

शनिवारी सकाळी मी पिशवी घेऊन मैदानामागे गेले. अळंबं परत जमिनीत लावणं वाटतं तितकं सोपं नाही. देठ पोकळ, लगेच आडवं पडतं. शेवटी पर्समधली लाल पेन्सिल काढली, तिने जमिनीत भोकं पाडली आणि पहिल्या अक्रोडाच्या बुंध्याशी अकराही अळंबी ओळीने रोवली. हे मी प्रेमाने केलं असं मी म्हणणार नाही. मला बाबांना पकडायचं होतं. मुद्रितावरची चूक लेखकाच्या समोर धरतात तशी ती अळंबी मला त्यांच्यासमोर धरायची होती. आठवत नसलं तरी तोंडावर काहीतरी उमटेल, मग मी विचारेन.

मग बाबांना आणायला वृद्धाश्रमात गेले. तिथल्या कामाच्या मुलीने त्यांच्या डोक्यावर कारखान्याची जुनी टोपी घालून दिली. मैदानातून चाकाची खुर्ची ढकलताना माझा दम निघाला. वाटेत त्यांनी कारखान्याच्या धुराड्याकडे मान वळवली.

"भोंगा झाला का, नर्सबाई?"

"अजून नाही."

"मग वेळ आहे."

मी खुर्ची अक्रोडापाशी उभी केली आणि बाजूला झाले. बाबांनी खाली बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडावरची ती परकी अदब गेलेली होती. कपाळाला आठ्या होत्या, घरच्या माणसासाठी असतात तशा.

"स्टेफी," ते म्हणाले. स्टेफी माझी आई. "हे काय केलंस? सगळी एका जागी?"

मी त्या ओळीकडे बघितलं.

"ओळीनं का लावतं कुणी? बटाटे आहेत का हे? तिला एका मिनिटात सापडतील, आणि मग संपली म्हणून तोंड एवढंसं करेल. दोन त्या ओंडक्यामागे लाव. तीन तिकडे, पानांखाली, नुसतं टोक दिसेल अशी. आणि एक वाटेवर, अगदी तिच्या बुटाला लागेल असं. पहिलं लगेच मिळायला हवं तिला."

मी गुडघ्यांवर बसले. एकेक अळंबं उपटलं आणि ते बोट दाखवतील तिथे लावत गेले. तिरकं लाव म्हणाले, तिरकं लावलं. माती दाब म्हणाले, दाबली.

"खऱ्या जागेवर का नेत नाही तिला?" मी खालमानेने विचारलं. आवाज आईसारखा काढायची गरज पडली नाही, तो आपोआप तसाच निघाला.

"नेलं होतं की गेल्या वर्षी. विसरलीस? दिवसभर हिंडली, एक नाही मिळालं. घरी येऊन म्हणाली, बाबा, माझे डोळे खराब आहेत." त्यांनी टोपी मागे सारली. "पाच वर्षांचं पोर. असं म्हणतं का कुणी?"

"पण मग तिची नजर खोटीच ठरेल."

"हॅट. नजर घेऊन कोण जन्माला येतं? चार वेळा सापडलं की माणूस नीट बघायला लागतो. मग येते नजर. दोन-तीन वर्षं करू आपण, पुढे तिला घेऊन जाईन तिकडे. तोवर तिला वाटू दे." त्यांनी फाटकाकडे बघितलं. "आटप आता. उठली असेल ती."

तिसरं वर्ष आलं आणि गेलं असेल, त्यांना काही ती पेरणी थांबवायला जमलं नसणार. मीच थांबवली, झोप प्यारी झाली म्हणून.

मी उठले. हात मातीने भरले होते. "आणते तिला," म्हणाले आणि मैदान ओलांडून फाटकापर्यंत चालत गेले. तिथे डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि वळून परत निघाले, खाली बघत, पाचोळ्यात पाय घासत. वाटेवरचं अळंबं बुटाला लागलं.

"बाबा," मी म्हणाले, "सापडलं."

त्यांनी हात मांडीवर गुंतवले होते आणि ते आभाळाकडे बघत होते, पेलिकन मोजत असल्यासारखे. मान खाली न करता म्हणाले, "अरेच्चा. मला कसं दिसलं नाही?"

डार्लीनकडे बाराला पोहोचायचं होतं. पण उरलेली दहा शोधायला मी पुष्कळ वेळ लावला.