केसांखालचे डोळे

नायकाचे डोळे दाखवायचे नाहीत, असा आमच्या व्हिडिओ गेमच्या कंपनीत नियम होता. डोळे दिसले की तो कुणीतरी एक माणूस होतो. झाकलेले राहिले की खेळणारा तिथे आपलाच चेहरा ठेवतो, असं साहेबांचं म्हणणं. त्यामुळे आमचे तिन्ही नायक कपाळावर झुलपं सोडून हिंडायचे, आणि ते काढणाऱ्या चित्रकाराला सगळे झुलप्या म्हणायचे. तो हसायचा. रागवायला लागते तेवढीसुद्धा त्याची कुणाशी ओळख नव्हती.

माझं काम चुका शोधायचं. दिवसभर नायकाला भिंतींवर आपटायचं, विहिरीत ढकलायचं आणि काय बिघडलं ते लिहायचं. माणसांच्या चुका मोजायची खोडही त्यातूनच लागली. झुलप्याच्या नावावर मात्र चार वर्षांत एकही नव्हती.

नव्या गेमची चौसष्टावी चूक पडक्या मनोऱ्यात सापडली. नायकाला कोपऱ्यात पाठ टेकून बसवलं की कॅमेरा थेट केसांच्या आत शिरायचा, आणि समोर दोन डोळे. पापण्या, थकवा, डाव्या भुवईत तुटलेली रेघ. जे कुणाला दिसणार नाही, त्यावर पठ्ठ्या आठवडाभर खपला होता. मी नोंद लिहिली आणि गंमत म्हणून आधी त्यालाच दाखवली.

"ही नको पाठवूस," तो म्हणाला.

मग सगळं सांगितलं. डोळे धाकट्या भावाचे. आईच्या आजारपणात हा कामाचं निमित्त करून गेला नाही, त्यावरून बोलणं तुटलं. सहा वर्षं झाली. लहानपणी कुठलाही गेम आणला की भाऊ आधी नायकाला कोपऱ्यात कोंबायचा, डोक्याच्या आत काय आहे ते बघायला.

"नंबर बदललाय त्याने. ही सवय नसेल बदलली."

"आणि साहेबांना कळलं तर?"

"तर म्हणेन, चुकलो. त्यालाही तेच सांगायचंय."

मी नोंद पुसली. यादी त्रेसष्टावर थांबवून दिली. नोकरीतली माझी पहिली लबाडी.

गेम बाजारात आला आणि तिसऱ्याच दिवशी लोकांना कोपरा सापडला. पत्रं येऊ लागली. एकीला ते डोळे नवऱ्याचे वाटले. एकाने विचारलं, तुम्ही मला कुठे पाहिलंत? साहेब आधी भडकले, मग ही आपलीच कल्पना म्हणून सांगत फिरले. झुलप्या रोज सकाळी प्रत्येक पत्राखालचं नाव तेवढं वाचायचा. मजकूर नाही.

आठ महिन्यांनी पत्रं आटली. एका दुपारी तो माझ्या टेबलाशी आला आणि त्या मनोऱ्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. आकडे माझ्याकडे होते: नवख्याला सहा तास, सराईताला अडीच. मी सहा सांगितले.



"कामं असतील त्याला," तो म्हणाला. "रोज दहा मिनिटंच मिळत असतील."

मी मनात हिशोब केला. तसं धरलं तरी छत्तीस दिवस.

"हो," मी म्हटलं. "तेवढीच मिळतात."